ओल्या पुस्तकाचा सौदा

पुस्तक मी हाताने उचललं, ही माझी चूक.

वरोऱ्याच्या बाजारात आमच्या वस्तीतल्या माणसाने नुसतं बोट दाखवायचं. दुकानदार वस्तू वरून टाकणार. पैसे आपण जमिनीवर ठेवायचे, तो पाणी शिंपडून उचलणार. याविरुद्ध सरकारने कायदा केला होता. बाजाराला कोणी कळवला नव्हता.

मी लाकडाच्या डेपोत ओंडक्यांवर डांबराने नंबर टाकायचो. दिवसभर नुसते आकडे. म्हणून अक्षर दिसलं की मोकाट गुरासारखा तिकडे तोंड घालायचो. रद्दीवाल्याच्या ढिगात हे पुस्तक होतं. पुठ्ठा गेलेला. महायुद्ध संपल्यावर कोणत्या देशावर कोणाचं राज्य आलं, त्याची हकीकत. उभ्यानेच दोन पानं वाचली. तिसऱ्यावर गोरे साहेब एक देश सोडून निघाले होते, तेवढ्यात रद्दीवाला म्हणाला,

"कोन्या वस्तीतला तू?"

मी खरं सांगितलं. ही दुसरी चूक.

त्याने लोटा उचलला आणि ढिगावर पाणी शिंपडलं. कागदावर. शाई फुटली, पानं फुगली. स्वतःचाच माल भिजवणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला. मला हसू आलं. पुढचा शिंतोडा माझ्या तोंडावर आला.

"बाटवलं ना? आता तूच घे. पैसे ठेव खाली अन् चालता हो."

माझी कंबर सवयीने वाकलीसुद्धा. अर्ध्यात थांबलो. पुस्तकातल्या देशांमुळे थांबलो असं सांगायला बरं वाटलं असतं. पण नाही. हनुवटीवरून पाणी ओघळत होतं, म्हणून थांबलो. सरळ झालो. पैसे तळहातावर ठेवून हात पुढे केला.

"भाऊ, हातातून घ्या."

"माजला काय बे?"

"हातातून घ्या. नाईतर पुस्तक ठेवतो."

माणसं जमली. हात दुखायला लागला. त्याने घेतले नाहीत. मी पुस्तक ठेवलं, ढिगाच्या कोरड्या बाजूला. त्याने पुन्हा लोटा उचलला. लोटा रिकामा होता.

तो देश पुढे कोणी चालवला, मला अजून ठाऊक नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं, "जो माझ्या हातातून पैसा घेत नाई, त्याच्याकडून आजपासून काहीच घ्यायचं नाई. मीठसुद्धा नाई."

तिने माझी रिकामी पिशवी झटकून खुंटीला टांगली.

"सारा बाजार तसाच हाये. उद्यापासून अळणी जेवजा."