दसऱ्याला पुजलेला लॅपटॉप

"कोणी हात लावला याला? खरं सांगा, कोणी हात लावला?"

वैशाली ओरडत होती, आणि अशी ओरडत होती की सावद्याच्या नाक्यावर केळीचे ट्रक जागच्या जागी उभे राहिले असतील. वैशाली म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ गेल्यापासून आमच्याच घरी वाढली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी-शेवटी केळीवरच्या रोगावर तिचा प्रबंध चालला होता. तिच्या सरांनी स्वतःचा लॅपटॉप महिनाभर वापरायला दिलेला. दोन वर्षांची मेहनत त्या काळ्या पेटीत होती, आणि शेवटचं प्रकरण तर दुसरीकडे कुठेच उतरवलेलं नव्हतं. शनिवारी प्रबंध दिला नाही तर नाव कमी होणार. तो दिवस बुधवार, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचा. आणि टाइप करता करता पेटीनं मान टाकली होती.

"मले काय माहीत वं," मी म्हणालो. "मी त्याच्या वाऱ्यालाही उभा राहिलो नाही."

हे धडधडीत खोटं होतं. आमच्याकडे दसऱ्याला अवजारं पुजतात. विळे, कोयते, फवारणीचा पंप, विहिरीची मोटर, सगळ्यांना हळद-कुंकू. पोरगी आंघोळीला गेली तेव्हा माझ्या मनात आलं, हिचं अवजार ते हेच की. पेटी पाटावर ठेवली, फूल वाहिलं, आणि ओल्या कुंकवात भिजवलेल्या अक्षता टाकल्या. चिमूटभर नाही, मूठभर. देवाच्या कामात माझा हात आखडत नाही. मग धोतराच्या सोग्यानं पुसून होती तिथे ठेवून दिली. आता कुंकवाचं पाणी आत गेलं असणार आणि भावाच्या लेकीचं वर्ष माझ्या हातानं बुडालं, हे मला त्या पहिल्या ओरडण्यातच कळलं होतं. म्हणून तर मी एवढ्या जोरात नाही म्हणालो.

पाप झाकायचं तर माणूस फार कामाला लागतो. मी विहिरीतल्या मोटरी नुसत्या वासावरून दुरुस्त केलेला माणूस, निदान मी तसं सांगत आलो होतो. टेबलफॅन लावून पाहिला, तो विमानासारखा फिरला. म्हणजे घरातली वीज ठीक. पेटीला कान लावला. पाठीवर दोन हलक्या चापट्या दिल्या. तिसरी देणार तेवढ्यात वैशालीनं ती हिसकावून घेतली. गुरुवारी दोघं जळगावला गेलो. तिथल्या दुकानदारानं चार्जर लावला, दिवा लागला नाही, त्यानं मान हलवली. म्हणाला, आतला बोर्ड गेला, मुंबईला पाठवू, पंधरा दिवस लागतील. परतताना वैशाली पेटी मांडीवर धरून बसली होती, आजारी लेकराला धरतात तशी. ते मला बघवेना. भुसावळला मी म्हणालो, चल, आधी मुक्ताईला जाऊ. ती नुसती मागोमाग आली.

देवळात मी हात जोडले आणि जे बोललो ते आजही आठवतं. सव्वा मण पेढे, एकशे एक नारळ, अनवाणी येईन, वर्षभर चहा सोडीन. सगळं देतो म्हटलं. खरं तेवढं सांगतो म्हटलं नाही. बाहेर आलो तर मंडपात एक माणूस भजनाच्या लाउडस्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसलेला. शेजारी मीटर, डाग देण्याचं सोल्डरिंग आयर्न, चहाचा रिकामा कप. वैशालीच्या हातातल्या पेटीकडे बघून त्यानं आपणहून विचारलं, "काय झालं, ताई?" जय भीम करून नाव सांगितलं, सपकाळे, फैजपूरला रेडिओ दुरुस्तीचं दुकान. मुक्ताईच्या दारात दुरुस्तीवाला बसलेला, आणि मी अजूनही गप्प.

त्यानं घाई केली नाही. आधी चार्जरला मीटर लावलं. "हा चांगला शे." मग बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर लावून पाहिलं. काही नाही. "करंट दारापर्यंत येतो आणि दारातच अडतो. हिच्यावर काही सांडलं होतं का? पाणी, चहा?"

"नाही," वैशाली म्हणाली.

"मग खोलावी लागेल. पण ही बारीक कामाची वस्तू, मी आजपर्यंत रेडिओच खोलले. काही तुटलं तर आताच सांगून ठेवतो." आणि त्यानं स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

मी जन्मभर गोष्टी फुगवून सांगितल्या. इथून पुढे एक अक्षर वाढवत नाही. माझं तोंड उघडलं, आणि ते मी उघडलं नव्हतं.

"अक्षता," मी म्हणालो. "दसऱ्याला मी पूजा केली तिची. ओल्या कुंकवाच्या अक्षता. मूठभर."

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. सपकाळेंनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि टॉर्चचा उजेड चार्जरच्या भोकात मारला. उदबत्तीची विझलेली काडी घेऊन हळूच कोरलं. तळहातावर एक लाल तांदूळ पडला. एकच. त्याच्यामुळे पिन पुरती आत बसत नव्हती. चार्जिंग मंगळवारपासूनच बंद होतं, उरलंसुरलं बुधवारी संपलं. पिन लावली तेव्हा ती टक् करून बसली, आणि बारीक नारिंगी दिवा लागला. दहा मिनिटांनी पडदा उजळला. शेवटचं प्रकरण जिथल्या तिथे होतं.

मी सपकाळेंचे पाय धरायला वाकलो, तर ते दचकून मागे सरले. म्हणालो, मुक्ताईनंच तुम्हाला धाडलं. ते हसले. "मी बुद्धाचा माणूस, आबा. पण चहा घेईन." दुसरं काही घेतलं नाही. चहा पिऊन पुन्हा अ‍ॅम्प्लिफायरवर वाकले.

त्या तांदळाला मी आजही हात जोडतो. देवाला शरण जाणं म्हणजे त्याला काहीतरी कबूल करणं असं मी समजत होतो, आणि म्हणून नवसांची रास लावली. मुक्ताईला माझे नारळ नको होते. मी लपवलेलं तेवढं तिनं माझ्या तोंडून काढून घेतलं. छातीवर हात ठेवून सांगतो, पेटी सुरू झाली नसती तरी मी त्या मंडपातून हलका होऊनच उठलो असतो. नारळ मात्र मी फोडले. शब्द तो शब्द.

शनिवारी वैशालीनं प्रबंध दिला. संध्याकाळी ओट्यावर मी डोळे पुसत तिला हे सगळं सांगितलं, मुक्ताईनं माझं तोंड कसं उघडलं ते. ती शेंगा सोलत होती.

"काका," ती म्हणाली, "घरीच उघडलं असतं तर जळगावची फेरी वाचली असती."