दगडांची ओ

अर्धी टेकडी चढून झाली तरी वन्सं एक शब्द बोलेनात, तेव्हा मी मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला लागले. कारण माझ्या या नणंदेचं सगळं आयुष्य आवाजावर चाललेलं. बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करायचं त्यांचं काम. यजमान तिथेच ड्रायव्हर होते. ते गेल्यावर वन्संना काचेच्या खोलीत माइकसमोर बसवलं. माइकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद, गालात खडीसाखर, आणि शेजारच्या स्टुलावर बरेचदा कुणाचं तरी चुकलेलं, रडून नाक लाल झालेलं मूल. त्याच्या हातात स्वतःचं पेन देऊन या त्याच्या आईला पुकारायच्या. त्यांनी पुकारलं आणि आई आली नाही, असं कधी झालं नाही म्हणतात.

घरीही तोच सूर. आमचे हे चिडवायचे, "ताई, भाजी वाढ म्हणायला एवढं पुकारू नकोस, शेजारचे ताटं घेऊन येतील."

आता त्यांचाच मुलगा बेपत्ता. जहाजावर कामाला गेलेला, उन्हाळ्यापासून फोन नाही. कंपनी म्हणते, मधल्याच एका बंदरावर उतरला, पुढचं आम्हाला माहीत नाही.

"आम्ही हरवलेल्याचे आधी कपडे सांगतो," वन्सं एकदम म्हणाल्या. "निळा शर्ट, पायात चप्पल. त्याच्या अंगावर आज काय असेल गं?"

मनातल्या मनात नाव घेणं चालूच होतं देवाचं, तेच चालू ठेवलं.

माथ्यावर ते पुरातन दगड, माणसाहून उंच, गोल करून उभे. कुणी उभे केले कोण जाणे. लोक सांगतात ते असं, की एक आई मुलांना हाका मारून मारून थकली. मुलं खेळात दंग, कुणी ओ देईना. तिच्या तोंडून भलतंच निघून गेलं आणि मुलं होती तिथेच दगड झाली. तेव्हापासून ती मेलेल्यांच्या वतीने ओ देतात. मधोमध उभं राहून हरवलेल्याला हाक मारायची. हाक परत आली तर माणूस गेला. सगळं शांत राहिलं तर जिवंत आहे.

"वन्सं, देवाला सोडून दगडांना कशाला विचारायचं? चला खाली."

"देवाला रोज विचारते. तोही तुझ्या नवऱ्यासारखा, हूं की चूं नाही."

त्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. पदर सारखा केला, घसा खाकरला, आणि इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघालं, "कृपया इकडे लक्ष द्या!"

"...लक्ष द्या," दगडांतून आलं.

वन्सं मटकन खाली बसल्या. मी धावले.

"अहो, त्याचं नाव कुठे घेतलंत तुम्ही? हे दगड कशालाही ओ देणार. विहिरीत ओरडलं तरी असंच होतं."

"मग त्याचं नाव घेतलं तरी येणार."

"येऊ दे. त्याला काही अर्थ नाही."

"नाही ना? नक्की?" त्यांनी माझं मनगट धरलं. "मग तू एक कर. आधी तुझ्या नवऱ्याला हाक मार. माझा भाऊ तो, आत्ता घरी धडधाकट पेपर वाचत बसलाय. त्याच्या नावालाही ओ आली, तर मी मानेन की दगडांना काही कळत नाही. मार ना गं, एकदाच."