हिंगणघाटात बर्फाचे टायर मागणारा माणूस

आधीच सांगून टाकते... या ग्रुपवर लोक टाकतात ते अनुभव मी दुकानात गिऱ्हाईक नसताना वाचते आणि बहुतेक वेळा हसून पुढे जाते. भूत, चकवा, अंगात येणं – यातलं काही मी आजवर मानलेलं नाही. नव्या गाडीला बांधलेली लिंबू-मिरची चाकात अडकेल म्हणून स्वतःच्या हाताने बाजूला करणारी बाई आहे मी. तरी लिहिते आहे, कारण माझा भाऊ सारखा म्हणतो, "ताई, हे कुठंतरी लिहून ठेव, नाईतर उद्या आपल्यालेच खोटं वाटन." वाचून तुम्ही विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही.

आमचं टायरचं दुकान हिंगणघाटला आहे. नागपूर–हैदराबाद हायवेला लागून, गावाच्या थोडं बाहेर. ट्रक, ट्रॅक्टर, कार, सगळ्यांचं काम करतो. नवरा जिनिंगवाल्यांच्या आणि ट्रॅक्टरवाल्यांच्या ऑर्डरी पाहत बाहेर फिरतो, काउंटरवर मी बसते. लग्न होऊन आले तेव्हा मला टायर आणि ट्यूब यातला फरकही सांगता आला नसता. आता गाडी शेडमध्ये शिरताना नुसत्या आवाजावरून कळतं की कुठल्या चाकात हवा कमी आहे. फिटिंगला गजाननभाऊ आहेत, माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. हेही सांगून ठेवते, कारण ज्या माणसाची ही गोष्ट आहे तो त्यांनीही पाहिलाय.

माझं माहेर वडनेरचं. आई अजून तिथेच राहते, शेतात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावते आणि बाजाराला पाठवते. धाकटा भाऊ निलेश कॅनडात नोकरीला आहे. काही वर्षांपूर्वी, ज्या हिवाळ्याची ही गोष्ट आहे त्या हिवाळ्यात, त्याची बायको केतकी गरोदर होती. जानेवारीत बाळंतपण अपेक्षित होतं. ते राहतात ते गाव लहान, आणि हॉस्पिटल तिथून बरंच दूर, मोकळ्या माळातून जाणाऱ्या रस्त्याने. त्याच वर्षी त्यांनी एक जुनी गाडी घेतली होती.

नोव्हेंबर लागला तसे निलेशचे फोन सुरू झाले. बर्फात चालवायला वेगळे टायर लागतात, ते कोणते घेऊ? त्याला वाटायचं ताईचं टायरचं दुकान आहे म्हणजे ताईला सगळं कळतं. आता आमच्याकडे उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटतं, टायर तापून फुटतात. थंडीने टायरचं रबर कडक होतं आणि रस्ता धरत नाही, हे मलाच त्याच्याकडून कळलं. बर्फाच्या टायरचं रबर म्हणे थंडीतही मऊ राहतं. टायरच्या बाजूवर डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी, अशी खूण कोरलेली असते. त्याने फोटो पाठवला होता.

"दुकानात माझ्या साइजचे दोनच चांगले उरले ताई," तो म्हणाला. "दुसऱ्या कंपनीचे चार हायेत, पण ते कोणी जास्त घेत नाई. मी म्हणतो, चांगले दोन सामोर टाकून घेतो. गाडी सामोरच्याच चाकांवर ओढते ना."

"मागचे जुनेच ठेवशील?"

"ते बी चांगलेच हायेत. तू काय म्हणते?"

मला पटत नव्हतं. आमच्याकडेही नवीन जोडी घेतली तर आम्ही ती मागे टाकायला सांगतो. पण मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही... कशाच्या जोरावर त्याला सांगणार? विचार करून सांगते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काउंटरवर होते. ऊन चांगलंच होतं. गजाननभाऊ शेडमध्ये ट्रॅक्टरचं चाक भरत होते. एक माणूस आत आला. पन्नाशीचा असेल. अंगात जाड कोट, डोक्यावर लोकरीची टोपी, ओठ फाटलेले. मला वाटलं आजारी असेल, ताप असेल. बाहेर गाडी दिसत नव्हती, पण हायवेवर गाडी बंद पडली की लोक पायीच येतात, त्यामुळे त्यात काही विशेष नव्हतं.

"बाई, बर्फात चालते तसे टायर हायेत का?"

मला हसूच आलं. म्हटलं, "भाऊ, आमच्या हिंगणघाटात बर्फ रसवंतीवरच भेटते."

तो हसला नाही. पण रागावलाही नाही. बाकड्यावर बसला आणि कारच्या टायरची साइज सांगितली. निलेशच्या गाडीची तीच साइज होती. इथल्याही काही गाड्यांना ती चालते, म्हणून मी तेव्हा मनावर घेतलं नाही. उलट मला बरं वाटलं... हा माणूस थंड मुलखात गाडी चालवून आलेला दिसतो, याला विचारून घ्यावं.

"माझा भाऊ बर्फाच्या देशात राह्यते," मी म्हटलं. "दोन टायर टाकू का चार, विचारते. तुमाले काय वाटते?"

"चारही लावजो म्हना," तो लगेच म्हणाला. "सामोरचे दोनच लावले त ब्रेक मारल्यावर सामोरचं थांबते अन् मागचं फिरते. मंग हातात काई राह्यत नाई."

"तुमी चार लावले होते?"

"आमचे चाकं निंघालेच नाई, बाई. दर चाकाले एक नट येगळा असते ना, चाक चोरी होऊ नये म्हनून लावते तो? त्याची चावी सापडली नाई. लय पाह्यली. मंग तशेच निंघालो." त्याने टोपी कानांवर ओढून घेतली. "चावी गाडीतच होती. डिक्कीत, स्टेपनीच्या खालच्या खोलगटात. मीच ठेवली होती. वाजू नये म्हनून लेकराच्या मोज्यात घातली होती."

असं सांगताना त्याचा आवाज अजिबात बदलला नाही. कोणी बसमध्ये शेजारच्याला सांगावं तसं. गजाननभाऊ हात पुसत आले, त्यांनी माठातलं पाणी भरून त्याच्यापुढे धरलं.

"थंडं नको, भाऊ," तो म्हणाला.

तेवढ्यात एक कारवाला अलाइनमेंटसाठी आला. मी त्याच्याशी बोलायला उठले. परत आले तर बाकडं रिकामं. गजाननभाऊंना विचारलं तर म्हणाले, "गेला ना आत्ताच, समुद्रपूरच्या रस्त्याकडं पायीच गेला." मी पुन्हा कामाला लागले. खरं सांगते, त्या वेळी मला काहीही वाटलं नाही. काटा नाही, थंड झुळूक नाही, काही नाही.

त्याच संध्याकाळी निलेशचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्याकडे सकाळ होती. तो तिथल्या टायरच्या दुकानात उभा होता आणि वैतागलेला होता.

"ताई, हे चाकंच काढून नाई राह्यले! म्हणते लॉक नटची चावी आणा. जुन्या गाडीची चावी मी कुठून आणू? नट तोडाचे म्हणजे पुढची तारीख देऊन राह्यले, अन् आता सगळ्यांची गर्दी हाये... डिसेंबर उजाडन. जाऊ दे, राहू देतो हेच टायर."

माझ्या हातात गल्ल्याची किल्ली होती. ती मी खाली ठेवली.

"निलेश, डिक्कीत पाह्य."

"पाह्यलं. डॅशबोर्ड, सीटखाली, डिक्की, सगळं पाह्यलं."

"स्टेपनी काढून पाह्य. तिच्या खाली."

"ताई, स्टेपनीखाली कोण ठेवते..."

"काढ ना तू!"

मी इतक्या जोरात बोलले की शेडमधून गजाननभाऊ बाहेर आले. निलेशने फोन डिक्कीच्या कडेला टेकवला. मला फक्त त्याचं जॅकेट आणि पांढरं आभाळ दिसत होतं. स्टेपनी ओढल्याचा आवाज आला. मग त्याने हात कॅमेऱ्यासमोर धरला. हातात राखाडी लोकरीचा मोजा होता. एवढासा, लहान मुलाचा. त्याने तो उलटा केला आणि तळहातावर चावी पडली.

"ताई..." तो म्हणाला. "तुले कसं माहीत?"

"आधी टायर लाव," मी म्हटलं. "दुसऱ्या कंपनीचे का असेना, चारही. मंग सांगते."

गजाननभाऊ माझ्या मागे उभे होते. त्यांनी फोनमधला मोजा पाहिला आणि दुपारी तो माणूस बसला होता त्या बाकड्याकडे पाहिलं. मग एकदम घराची आठवण झाल्यासारखं करून त्यांनी सायकल काढली.

आता तुम्ही विचाराल ते सगळं आम्हीही विचारलं. मला वाटलं, हा त्या गाडीचा आधीचा मालक असेल. आपल्याकडचा कोणी तिकडे गेलेला, गाडी विकून परत आलेला, योगायोगाने आमच्या दुकानात शिरलेला. योगायोग मोठा होता, पण अशक्य नव्हता. निलेशने गाडी विकणाऱ्याकडे चौकशी केली. आधीची मालकीण तिथलीच एक निवृत्त शिक्षिका निघाली. नवी गाडी तिनेच घेतली होती, दुसऱ्या कोणाच्या नावावर ती कधीच नव्हती. अपघाताची नोंदही नाही. निलेश तिला जाऊन भेटला. म्हातारी प्रेमळ आहे, एकटी राहते. मोजा तिने ओळखला नाही. घरात लहान मूल कधीच नव्हतं म्हणाली. चावी नेहमी डॅशबोर्डच्या कप्प्यात असायची, असंही म्हणाली.

दुकानातला सीसीटीव्ही? आहे. पण त्यात जुनं आपोआप पुसलं जातं आणि आम्हाला सुचेपर्यंत ते गेलं होतं. गजाननभाऊंनी आजूबाजूच्या धाब्यांवर, पंपावर विचारून पाहिलं. कोटवाला माणूस कोणी पाहिला नव्हता. नवरा म्हणाला, "तुले निलेशनच आधी सांगितलं असन, तू विसरली." मग गजाननभाऊंनी माठातल्या पाण्याचं आणि त्या माणसाच्या "थंडं नको"चं सांगितलं, तेव्हा त्याने ते म्हणणं सोडून दिलं.

जानेवारीतली ती संध्याकाळ मी वडनेरला होते. आई अंगणात बसून दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती, मी तिला बांधायला सुतळी तोडून देत होते. निलेशचा मेसेज आला, केतकीला कळा सुरू झाल्या, निघतो आहोत. त्यांच्याकडे सकाळ होत होती. आदल्या दिवशी पाऊस पडून रस्त्यावर गोठला होता आणि त्यावर बर्फ पडत होता. त्यानंतर फोन लागेना.

आईने मेथी बांधणं थांबवलं नाही. फक्त बांधलेली जुडी ती सोडायची आणि पुन्हा बांधायची. मी ते पाहिलं आणि सुतळी तोडत राहिले.

पुढचं निलेशने नंतर सांगितलं. रस्ता काचेसारखा झाला होता. पुढे एक मोठी गाडी चालली होती. उतारावर तिचं मागचं एकदम फिरलं आणि ती आडवी झाली. निलेशला ब्रेक मारावाच लागला. "मले वाटलं, गेलो," तो म्हणाला. "मागून गाडी वळाले लागली होती ताई, मले सीटमधी जाणवलं. अन् मंग पकडलं तिनं. मागच्या चाकांनी पकडलं. त्या गाडीच्या दाराजवळ जाऊन उभी राह्यली." पुढच्या गाडीतली माणसं धडधाकट होती. त्यांनीच खाली उतरून निलेशला बाजूने वाट काढून दिली. हॉस्पिटलात पोचल्यावर थोड्याच वेळात मुलगी झाली. केतकीने फोनवर मला एकच सांगितलं, "ताई, तुम्ही चार लावायला लावलेत."

आईला मी त्या माणसाबद्दल नोव्हेंबरातच सांगितलं होतं. ती "हो का" म्हणाली होती आणि देवापुढे साखर ठेवून आली होती.

मागच्या हिवाळ्यात निलेश आणि केतकी पोरीला घेऊन आले. सगळे शेतात गेलो होतो. पोरगी मेथीच्या वाफ्यांतून पळत होती, तिला मातीत पाय बुडतात याची मोठी गंमत वाटत होती. निलेशने केतकीच्या आग्रहावरून ती गोष्ट पुन्हा सांगितली... माझ्याकडून माझा भाग वदवून घेतला, त्याचा भाग त्याने सांगितला. आता आम्हाला ती सांगायची सवय झाली आहे. कुठे थांबायचं, कुठे आवाज बारीक करायचा, सगळं बसलेलं आहे. केतकीने नेहमीसारखे हात जोडले. म्हणाली, "कोण होते ते, देवच जाणे. आपल्यासाठी आले."

आई वांगी तोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमी सगळे आपलंच सांगता. त्याचं कोणी इचारलं नाई."

"त्याचं काय, आई?" निलेश म्हणाला.

"त्याची चावी सापडली नाई म्हणे. तशेच निंघालो म्हणे. मोजा लेकराचा होता म्हणे." आईने आमच्याकडे पाहिलं. "मंग त्याच्या गाडीत कोण कोण होतं?"

इतकी वर्षं आम्ही तो कोण, कुठून आला, त्याला कसं कळलं, यातच अडकलो होतो. हे तिघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी बाकी काही समजावून सांगू शकत नाही. चावी तिथे कोणी ठेवली, मोजा कोणाचा, तो माणूस कुठल्या रस्त्यावरून चालत आमच्या हायवेला लागला... तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. तुमच्यापैकी कोणी काही तर्क सांगितला तर मी वाचीन. पण आतापर्यंत ऐकलेला एकही तर्क मला आईच्या त्या प्रश्नापुढे टिकलेला दिसला नाही.

निलेश उठला. वाफ्यातून पळणाऱ्या पोरीला त्याने उचलून घेतलं. ती खाली सोड म्हणून पाय झाडत होती, रडायला लागली, तरी घरी येईपर्यंत त्याने तिला खाली ठेवलं नाही.