केनवडजवळची थोर स्त्रियांची बाग, जी झाली नाही

गेली चार वर्षं मी इतिहासातल्या कर्तबगार बायकांच्या मागे हिंडते आहे. राणीचा किल्ला, गायिकेचं घर, गावातून पहिल्यांदा निवडून आलेल्या बाईंचा पुतळा, असं काही कुठं आहे असं कानावर आलं की माझी पिशवी भरलीच म्हणून समजा. मी जाते, ब्लॉगवर लिहिते आणि तुम्ही मंडळी "किती सुंदर, आम्हालाही जायचंय" असं खाली लिहून घरीच बसता. असो. तर यंदा मार्चात मला वाशीम जिल्ह्यातून एक निमंत्रणपत्रिका आली. 'थोर स्त्रिया स्मृतिउद्यान' या बागेचं भूमिपूजन होतं आणि मी येऊन त्यावर लिहावं अशी गावाची इच्छा होती. पत्रिकेवर आधी ओळीनं अकरा नावं होती. अकराही पुरुषांची, सर्वांत वर नारळ फोडणाऱ्या आमदारसाहेबांचं. अगदी तळाशी, मंडपवाल्याच्या वर, बारावं नाव होतं: सौ. संगीताताई, सरपंच. त्यांच्यापुढे त्यांचं काम लिहिलं होतं: औक्षण.

मी त्याच दिवशी तिकीट काढलं. असा कार्यक्रम चुकवायचा नसतो.

कसं जायचं ते आधी सांगते. मी पुण्याहून अकोल्यापर्यंत रेल्वेनं गेले. तिथून पूर्णेकडे जाणाऱ्या पॅसेंजरनं जऊळक्याला उतरले. ह्या गाडीला घाई अशी कशाचीच नसते, त्यामुळे सोबत पुस्तक ठेवा. स्टेशनबाहेरून जीपनं मालेगाव (वाशीमचं, नाशिकचं नव्हे) आणि तिथून एसटीनं केनवड. जीपमध्ये सात जणांच्या जागेत तेरा जण बसतात आणि चौदावा आला की सगळे "सरका, सरका" म्हणतात, सरकत मात्र कुणी नाही. एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट. माझ्या शेजारच्या काकांना ते फार लागलं होतं. "सगळं बायाईलेच चालू हाय आता," ते म्हणाले आणि पूर्ण तिकिटात दीड सीटवर पाय फाकवून बसले. केनवडला गरम आलूबोंडा आणि तळलेली मिरची खा. राहण्याची सोय वाशीमला किंवा रिसोडला बघा. मला न्यायला माणूस आला होता, कारण गाव केनवडपासून बरंच आत आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाचाल तर कळेलच का ते.

माणूस म्हणजे विलासभाऊ, सरपंचबाईंचे यजमान. गावात त्यांनाच सगळे सरपंच म्हणतात आणि ते ओ देतात. माणूस मनानं चांगला. वाटेत त्यांनी मला गव्हाचे, कांद्याचे मळे आणि लिंबाच्या बागा दाखवल्या, ऊन लागू नये म्हणून स्वतःचा रुमाल दिला आणि बागेची सगळी कल्पना समजावून सांगितली. "पुतळे आले बी, म्याडम. सहा. तुमी पाहाच."

पुतळे शाळेच्या व्हरांड्यात उभे होते, प्लास्टिक गुंडाळून. विलासभाऊंनी ते काढलं. सहाही जणींचा चेहरा एकच होता. कारागिरानं एकच साचा वापरला होता. राणीच्या हातात तलवार, गायिकेच्या हातात तंबोरा, कवयित्रीच्या हातात लेखणी आणि राजकारणातल्या बाईंच्या हातात फाईल. उरलेल्या दोघींच्या हातात काय द्यावं ते बहुतेक सुचलं नव्हतं, म्हणून त्यांनी नमस्कार केला होता.

"ह्या दोघी कोण?" मी विचारलं.

"त्या दुसऱ्या थोर स्त्रिया," विलासभाऊ म्हणाले.

रात्रीचं जेवण त्यांच्याच घरी होतं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. संगीताताई पस्तिशीच्या असतील. वाढताना फार बोलल्या नाहीत. पुरुषमंडळी जेवून बाहेर गेल्यावर माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "उद्या बाजार हाय. तुमी माह्यासंगं बाजारात या. बागेची जागा दाखवतो तुमाले." मी म्हटलं, जागा तर भाऊ दाखवणारच आहेत. त्या म्हणाल्या, "ते जमीन दाखवतीन. मी जागा दाखवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाजारात गेलो. आठवडी बाजार मोठा असतो, आसपासच्या चार-पाच गावांतून माणसं येतात. भाजीची सगळी रांग बायकांची. स्वतःच्या मळ्यातली मेथी, सांभार म्हणजे आपली कोथिंबीर, वांगी, हिरवी मिरची पहाटे तोडून आणायची आणि सूर्य डोक्यावरून पलीकडे जाईपर्यंत विकत बसायचं. संगीताताईही सरपंच होईपर्यंत याच रांगेत बसायच्या. रांगेच्या टोकाला एक मोकळा कोपरा होता. चुन्यानं आखलेला, मधोमध कुदळ मारायला खूण केलेली. हीच बागेची जागा.

पार्वताबाई नावाच्या म्हाताऱ्या भाजीवालीजवळ मी टेकले. ऊन तापलं होतं. मी माझी पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली, तर तिनं हात आखडून घेतला.

"नोको माय. मी घरी गेल्यावर पेईन."

"अहो, घसा कोरडा पडलाय तुमचा."

"पडू दे. पानी पेलं तं जावं लागते. जाऊ कुठी? हा रस्ता, ते हॉटेल, अन् तिकडं मानसंच मानसं." मग तिनं मेथीवर पाणी शिंपडलं. मेथीला पाणी चालतं.

रांगेतल्या सगळ्याच बायका पहाटे चारपासून दुपारी तीनपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाहीत, हे मला तिथं कळलं. एकीला मूतखडा झाला. एकीला ताप यायचा थांबतच नव्हता, वाशीमच्या दवाखान्यात आठ दिवस होती. लहान बाळाची आई असेल तरी हेच. मला लाज वाटली. मी चार वर्षांत ब्लॉगवर किल्ल्यांच्या पायऱ्या मोजून लिहिल्या, कुठली मिसळ झणझणीत तेही लिहिलं, पण बाईनं तिथं जायचं कुठं, हे एकदाही लिहिलं नाही. आणि प्रवासाला निघताना सगळ्यात आधी विचार मी त्याचाच करते!

"निवडनुकीत मी एकच गोष्ट कबूल केली होती," संगीताताई म्हणाल्या. "बायाईसाठी इथं संडास-मोरी बांधीन. पंचायतीची बाजाराले लागून एवढीच जागा हाय. तीन वर्षं मी सांगून राह्यली. घरी हे म्हनतात, भर बाजारात संडास बरा दिसत नाई, साहेबाले काय दाखवाचं? बाग बरी दिसते." त्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या. "उद्या ग्रामसभेत ठराव झाला, पुतळे बसले, का संपलं. थोर बायाईले कोन उठवते मंग?"

आता इथली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते असा नियम आहे. गावानं नियम कधी मोडला नाही आणि सभाही कधी घेतली नाही. ग्रामसेवक ठरावांच्या वहीत एक पान कोरं सोडतो, शिपाई ती वही घेऊन दारोदार जातो आणि बायका स्वयंपाकातून हात पुसत पुसत खाली सह्या करतात. वरचा मजकूर नंतर सवडीनं लिहिला जातो. या वेळी शिपाई लग्नाला गेला होता. सकाळी विलासभाऊच बायकोला म्हणाले होते, "बाजारात सगळ्या बाया सापडतीन. तूच सह्या घेऊन टाक." वही संगीताताईंच्या भाजीच्या पिशवीत होती.

संगीताताईंनी ती काढली, पार्वताबाईच्या वांग्यांच्या पोत्यावर ठेवली आणि अंगणवाडीच्या करुणाताईंना हाक मारली. करुणाताई बौद्धवाड्यातल्या. नियमाचं पुस्तक त्यांना पाठ, म्हणून पुरुषमंडळी त्यांना जरा टरकून असतात. "सभा जाहीर करा अन् विषय मोठ्यानं सांगा," करुणाताई म्हणाल्या. "मंग कोनी काई म्हनू शकत नाई." संगीताताई उभ्या राहिल्या. पहिली दोन वाक्यं शेजारच्यांपुरतीच होती. मग तिसऱ्या वाक्याला भाजीवालीचा आवाज लागला, जो रांगेच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो. विषय सांगितला. हात वर झाले, काहींच्या हातात तराजू होता. आणि मग त्या खाली बसल्या आणि कोऱ्या पानावर वरच्या बाजूला, स्वतःच्या अक्षरात, ठराव लिहिला. सूचक पार्वताबाई, अनुमोदक करुणाताई. त्याखाली सह्या आणि अंगठे. मीही पेन घेऊन पुढे झाले, तर पार्वताबाई म्हणाली, "तू कायले? तू गावची हायेस का?" सोहळ्याला बोलावलेली पाहुणी तिथं तरी बिनकामाची ठरली.

परतताना वाटेत संगीताताईंनी वही पिशवीत भाजीच्या खाली सरकवली. "घरी मले काई म्हननार नाईत ते," त्या म्हणाल्या, "पन बोलनार बी नाईत. महिना महिना बोलत नाईत." मी उद्या पुण्याला निघणार होते, त्यांना तिथंच राहायचं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात ग्रामसभा आणि लगेच भूमिपूजन, असा बेत होता. मागे गोवऱ्यांवर रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजायला घातले होते. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. एरवी बायका येतच नाहीत म्हणे, त्या दिवशी सतरंजी कमी पडली. ग्रामसेवकानं वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं न ऐकता वाचायची सवय असल्यामुळे तो अर्धा ठराव सरळ वाचून गेला. "बाजारालगतच्या जागेवर महिलांसाठी स्वच्छतागृह बांधावे, त्याच जागेवर दुसरे काहीही बांधू नये, असे सर्वानुमते..." इथं त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"काय वाचून राह्यले तुमी?" विलासभाऊ उठले.

"जे लिहेल हाय तेच."

"कोनं लिवलं?"

"मी," सतरंजीवरून संगीताताई म्हणाल्या. "अध्यक्ष मीच असतो ना."

"सभा कवा झाली? मले कोनी सांगतलं नाई!"

"काल झाली, बाजारात. महिला सभा होती. तुमाले कसं बोलावनार?"

बायका हसल्या. विलासभाऊंचा चेहरा उतरला, पण ते हटले नाहीत. बाजारात झाली ती सभा नव्हेच, म्हणाले, हे पान रद्द करा. संगीताताईंनी पदर मुठीत घट्ट धरला होता. सगळे ग्रामसेवकाकडे बघू लागले. त्यानं वहीची मागची पानं चाळली. ती सगळी त्याच्याच अक्षरात होती आणि त्यातली एकही सभा कुठं झाली हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "हे रद्द केलं तं मागचे समदेच रद्द होतीन. ते रस्त्याचं, ते सभामंडपाचं..." विलासभाऊ खाली बसले. मग ग्रामसभेनंही तो ठराव मंजूर केला. खुर्च्यांवरचे हात जरा सावकाश वर गेले, पण गेले.

तेवढ्यात साहेबांच्या गाड्या आल्या. साहेबांना सांगायचं कुणी, म्हणून कुणीच सांगितलं नाही. "आता मी काय करू?" विलासभाऊ कुजबुजले. "नारळ फोडू द्या," संगीताताई म्हणाल्या, "खड्डा तं तोच हाय." सगळे बाजारातल्या आखलेल्या कोपऱ्यावर गेले आणि साहेबांनी तिथं नारळ फोडला. भारतीय स्त्रीच्या शौर्यावर, त्यागावर, सोशिकपणावर पाऊण तास बोलले. कुठली राणी कुठल्या किल्ल्यावर लढली यात दोनदा घोटाळा केला. सोशिकपणावर सर्वांत जास्त बोलले, आणि भाजीवाल्या बायका उन्हात बसून ते ऐकत होत्या.

शेवटी औक्षण. साहेब कपाळ पुढे करून उभे राहिले. संगीताताई ताट घेऊन पुढे आल्या, त्यांनी ते ताट विलासभाऊंच्या हातात दिलं आणि माईक घेतला. "साहेबानं ज्या जागी नारळ फोडला, त्या जागी बायाईसाठी संडास होनार हाय. आमच्या गावात असं काम पयल्यांदा होऊन राह्यलं. साहेबाचे लय आभार." फोटोवाला समोर होता, त्यामुळे साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. विलासभाऊ ताट धरून उभेच होते. दुसरं काही सुचेना तेव्हा त्यांनी साहेबांना ओवाळलं. बरं ओवाळलं.

रोडगे आणि वांग्याची भाजी फार चांगली झाली होती, तूप हात आखडता न घेता वाढलं होतं. निघताना विलासभाऊंनीच मला केनवडला सोडलं. एसटी आल्यावर एवढंच म्हणाले, "म्याडम, माही माय बी त्याच रांगीत बसे. मले कदी म्हनली नाई ती." त्या माणसाचा राग धरणं मला जमलं नाही.

पुण्याला येऊन फोटो लावायला बसले, तर राणीचा एकही चांगला आला नव्हता. पुतळे अजून शाळेच्या व्हरांड्यात आहेत आणि पोरी तंबोऱ्याला दप्तरं अडकवतात म्हणे. थोर स्त्रियांच्या शोधात मी पुन्हा जाईन, माझी खोड जायची नाही. पण चौथऱ्यावर चढवलेल्या बाईकडे पाहिलं की आता मला आधी खालची जागा दिसते आणि तिथं आधी काय व्हायचं होतं ते विचारावंसं वाटतं. तुम्ही गेलात तर बाजाराच्या दिवशी जा. भाजी ताजी मिळते.

पोळ्याच्या सुमाराला संगीताताईंचा फोन आला. बांधकाम पूर्ण झालं होतं, पाणी आलं होतं. मला इतका आनंद झाला की मी उभीच राहिले. तर म्हणाल्या, "पयल्याच दिवशी मेंबर लोकं कुलूप घेऊन आले. म्हने खराब होईल, पाहुने आले का उघडू."

"मग?"

"मी म्हनलं, लावा. पन पंचायतीच्या आफिसातल्या तुमच्या संडासालेबी आजच कुलूप लावू, अन् दोनी चाब्या माह्याजवळ राहतीन."

"मग काय झालं?"

"काय होते? कुलूप दुकानात वापस गेलं."