धाकट्याचं सायडर

मी घरी केलेलं सायडर पिताना माझ्या बायकोचे, सुनंदाचे, डोळे बारीक होतात. सफरचंदाचा रस आम्ही दोघा भावांनी एकाच दिवशी, माझ्याच स्वयंपाकघरात आंबवायला ठेवला होता. तरी माझ्या सायडरचा भपका थेट नाकात जातो. परवा धाकट्या भावाकडे मात्र तिने सबंध ग्लास संपवला आणि म्हणाली, "भावजी, किती मऊ लागतंय हो हे!"

इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याच गोष्टीला तिने मऊ म्हटलेलं नाही.

"काय घातलंस यात?" मी त्याला विचारलं.

"काही नाही रे दादा. बाटल्या कपाटात ठेवल्या आणि सहा महिने विसरलो. उग्रपणा आपोआप गेला."

विसरला! माझ्या बाटल्या गॅसशेजारच्या उबेत होत्या आणि मी दर रविवारी एक उघडून चाखत होतो. धाकट्याला सगळं असंच, न मागता मिळत आलं आहे, आणि मी शेजारी उभा राहून ते बघत आलो आहे.

"तुझी एकच उरलीय ना? दे, माझ्या कपाटात ठेवतो," तो म्हणाला.

"नको," मी म्हणालो. माझं सायडर त्याच्या घरात जाऊन निवळलेलं मला सहन झालं नसतं.