दर्याला दाखवलेली गाडी

झाईपासून वाणगावापर्यंतच्या रस्त्यावर जितके खड्डे आहेत, त्या सगळ्यांशी नावानिशी ओळख असलेली बाई पृथ्वीतलावर एकच आहे, आणि ती माझी आतेसासू आहे. हे मी जावयाच्या आदरापोटी सांगत नाही. त्यांच्या शेजारच्या सीटवर जीव मुठीत धरून बसल्यावर जे ज्ञान मिळतं, त्या जोरावर सांगतो. "ही सवत," असं पुटपुटून आत्या गाडी अलगद डावीकडे काढतात. पुढे बोर्डीच्या अलीकडे वेग कमी करून म्हणतात, "हा भावजी. दिसतो गरीब, पण आत खोल हाय." पावसाळा संपला की नव्या खड्ड्यांची बारशी होतात. एखादा बुजवला गेला तर "गेला बिचारा" म्हणून त्या खरोखरच हळहळतात. इतक्या वर्षांत त्यांचं चाक एकाही खड्ड्यात गेलेलं मी पाहिलेलं नाही.

जन्म नरपडच्या मच्छीमाराच्या घरातला, नोकरी सरकारी दवाखान्यात नर्सची. तलासरीच्या आतल्या पाड्यांवर त्या उभी हयात पायी फिरल्या. निवृत्त झाल्यावर बायका काशीला जातात, आत्या ड्रायव्हिंग स्कूलला गेल्या आणि महिन्याभरात एक जुनी, लाल, छोटी गाडी दारात आणून उभी केली. तेव्हापासून त्या पंचक्रोशीत कुणाचं बाळंतपण अडलं, कुणाला रात्री कळा आल्या, कुणाचा म्हातारा पडला, की आधी आत्यांना फोन जातो, बाकीच्यांना मागाहून. गाडी सुरू करण्याआधी त्या बॉनेटवर तळवा ठेवतात आणि "ताप नाय" असा निर्वाळा देतात. माणसं बसवतात ती होडीत बसवावीत तशी, तोल बघून. माझे साडू नव्या नवरीला घेऊन पहिल्यांदाच आले होते, तर आत्यांनी दोघांना दोन टोकांना बसवलं आणि मधे फणस ठेवला. साडूंचा चेहरा पडला तेव्हा म्हणाल्या, "संसारात जवळ बसा. गाडीत वजन बघावं लागतं."

आता अशा गाडीच्या चाकांना काय धाड भरणार, असं कुणालाही वाटेल. पण नेमकी चाकांचीच बेअरिंगं दरवर्षी जात. चाक ज्याच्या आधारावर फिरतं ते बेअरिंग, एकदा बसवलं की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. आत्यांचं मात्र गौरी-गणपतीत कुरकुरू लागे, नवरात्रात घुमू लागे आणि दिवाळीपर्यंत असं बोंबले की आत बसलेल्यांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागे. त्यांचा मिस्त्री तलासरीचा, हायवेवरचा. गुजराती, मराठी आणि शिव्या या तिन्ही भाषा एका वाक्यात सुखाने नांदवणारा. पहिल्या वर्षी त्याने रस्त्याला दोष दिला, दुसऱ्या वर्षी टायरला, तिसऱ्या वर्षी दुकानदाराला. पुढे बिचारा स्वतःच्या हातावरच संशय घेऊ लागला. बेअरिंग हातोडीने ठोकून बसवलं तर आतून दुखावतं म्हणून त्याने दाबून बसवायचं नवीन यंत्र आणलं. दिवाळीला आत्या हजर.

आणि इथेच आत्यांच्या जिवाला घोर लागला. त्यांचा मुलगा वापीला कारखान्यात असतो. आईवर त्याची फार माया, पण मायेच्या माणसाला भीती जास्त. त्याने सरळ अर्थ काढला की आईला आता खड्डे दिसत नाहीत. "आई, चाकं खोटं बोलत नाहीत. तुझे डोळे गेलेत. पुन्हा बेअरिंग गेलं तर गाडी विकायची." आत्यांनी शब्द दिला, कारण शब्द मागितला तर नाही म्हणायची त्यांना सवय नाही. पण मुलगा गेल्यावर मला म्हणाल्या, "जावई, गाडी गेली की मी खाटेवर. आणि एकदा खाटेवर टेकलं की माणूस उठत नाय, मी लय बघितलेत." त्यांच्या आवाजात मी भीती प्रथमच ऐकली आणि मलाही बरं वाटेना.

दिवाळी व्हायची होती आणि मागचं चाक घुमायला लागलं होतं. मुलाला कळायच्या आत आम्ही तलासरी गाठली. मिस्त्रीने बेअरिंग काढलं, फोडलं आणि बघतच राहिला. वंगणाच्या जागी तांबूस चिखल, त्यात बारीक वाळू. त्याने तो बोटाला लावला, वास घेतला आणि देवाशपथ सांगतो, जिभेला लावून पाहिला. मग थुंकून ओरडला, "मासी, आ तो मीठुं छे! खारं पाणी! तुमी गाडी चालवता का होडी?"

आत्या शांतपणे म्हणाल्या, "दर नारळी पुनवेला दर्याला दाखवते."

नरपडमध्ये ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. नारळी पौर्णिमेला भरतीच्या वेळी आत्या गाडीला हार घालून वाळूवरून थेट पाण्यात नेत, चारही चाकं बुडेपर्यंत. मग नारळ सोडत. वडिलांची होडी असताना मोसमाआधी तिची पूजा होई, आता गाडी हीच त्यांची होडी. "त्याच्या काठावर राहायचं आणि घरात आलेली वस्तू त्याला दाखवायची नाय? मग तो विचारणार नाय, ही कुणाची?" यात काही चुकीचं आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं, त्यामुळे बेअरिंगशी त्याचा संबंधही कुणी लावला नव्हता. मुलगा त्या दिवशी राखीसाठी बायकोच्या माहेरी असे, म्हणून त्याने हे कधी पाहिलं नव्हतं. मिस्त्रीने समजावलं की धावून तापलेलं चाक गार पाण्यात गेलं की पाणी आत ओढून घेतं, आणि मग मीठ आपलं काम करतं. आत्या जुन्या टायरवर बसल्या. "म्हणजे मीच पाजलं तिला," एवढंच म्हणाल्या. परतीच्या वाटेत त्यांनी एकाही खड्ड्याला नावाने हाक मारली नाही.

मुलाला त्यांनी स्वतःच फोन करून सगळं सांगितलं. तो हसला, चिडला, शेवटी म्हणाला, "पुन्हा पाण्यात नेलीस तर मी नेईन गाडी." पण इकडे दर्या होता, ज्याला टाळणं आत्यांच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं. पुढच्या नारळी पौर्णिमेला त्यांनी मला बोलावलं. गाडी लांब सुरूच्या झाडांखाली उभी केली, हँडब्रेक ओढला, नारळ घेतला आणि एकट्या चालत पाण्यात शिरल्या. गुडघा, मांडी, कंबर. साडी फुगली. मला पोहता येत नाही, मी काठावरून हाका मारत होतो. त्या समुद्राशी बोलत होत्या, शेजाऱ्याशी बोलावं तशा खड्या आवाजात. "हिला आणली नाय. हिला तुझं पाणी सोसत नाय. माझ्याकडं बग आणि तिला वलख." समोरून आलेली लाट त्यांनी छातीवर घेतली. बाहेर आल्या तेव्हा मी रागावलो, या वयात सांधे धरतील म्हणालो. त्या पदर पिळत म्हणाल्या, "माझी बेअरिंगं कधीच गेलीत जावई, मला काय गंज चढतोय?" मी आयुष्यात पुष्कळ श्रद्धाळू माणसं पाहिली आहेत, पण देवाला आणि मुलाला एकाच वेळी दिलेला शब्द असा पाळणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

बेअरिंग त्यानंतर गेलं नाही. मुलगा आता वापीतल्या मित्रांना आईच्या ड्रायव्हिंगच्या गोष्टी सांगतो. समुद्राचं म्हणाल तर त्याने गाडीला ओळखलं असावं, कारण अजून तिच्यात बसलेला एकही माणूस दवाखान्याच्या वाटेत दगावलेला नाही.

यंदाच्या पौर्णिमेला मात्र काठावर आल्यावर आत्यांनी हात पुढे केला. मी पॅंट वर करून, मनातून घाबरत, त्यांच्याबरोबर पाण्यात गेलो. प्रत्येक लाटेला त्यांचे पाय वाळूवरून सुटत होते आणि हातात काही वजनच लागत नव्हतं. इतक्या हलक्या त्या कधी झाल्या, मला कळलंच नव्हतं. कंबरभर पाण्यात त्या थांबल्या.

"सोडा आता," हळूच म्हणाल्या. "त्याला वाटेल, मला धरून आणलंय."

मी हात सोडला, पण मागे घेतला नाही.