खांद्याच्या तक्त्यावरच्या खोट्या खुणा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — आईलाही नाही. तुम्ही माझी पत्रकं वाचली असतील. अन्यायावर तुटून पडणारी, चढ्या आवाजातली. त्यातल्या एकाची मला चीड येते. खरं तर पत्रकाची नाही — ते लिहिणारीची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही उचगावात राहायचो. वडील — आबा — फौंड्रीत पडले, उजवा खांदा मोडला. गळ्यात अडकवलेली हाताची झोळी सुटली, तरी हात छातीच्या वर जाईना. गावातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला समोर बसवून समजावलं : ताण बसेल, थोडं दुखेल, तेवढं सोसायचं, कळ आली की थांबायचं. घाई केली तर सांधा पुन्हा दुखावेल. दिवसातून तीनदा, घरच्या माणसानं हात धरून व्यायाम — आणि प्रत्येक वेळी तक्त्यावर खूण.

आई दिवसभर कामावर. घरचं माणूस म्हणजे मीच.

"चल की गं, हात धर. एकट्याला वर जाईना," आबा म्हणायचे. मी म्हणायची, "नंतर." आणि लिहीत काय होते? कामगारांच्या आरोग्यावर पत्रक! लाज वाटायला नको? दोन आठवड्यांच्या सगळ्या खुणा मी एका बैठकीत केल्या.

तपासणीला गेलो तेव्हा मॅडमनी आबांचा हात उचलून पाहिला. कपाळाला आठी घातली, तक्ता पुन्हा वाचला. "रोज झालं ना?"

मी हो म्हटलं. आबांनी माझ्याकडे बघितलं — आणि तेही म्हणाले, "व्हय की."

मग तक्त्यावर विसंबून मॅडमनी पुढचा व्यायाम दिला, अर्धा किलो वजन घेऊन. तिसऱ्या दिवशी वजन उचलताना आबा ओरडले. खांदा टम्म सुजला.

आणि मी? मी पत्रक काढलं. 'व्यायामाच्या नावाखाली छळ!' मॅडमचं नाव घातलं नाही — पण गावात दुसरं होतं कोण? नाक्यावर लोक विचारायचे, "काय आबा, बाईनं खांदा उपटून हातात दिला व्हय?" आबा गप्प. कुणासाठी गप्प, हे मला कळत नव्हतं का?

दवाखाना ओस पडला. गुडघे धरून येणाऱ्या बायका घरीच बसल्या. वर्षाच्या आत मॅडमनी पाटी उतरवली.

आबा अजून डाव्या हातानं केस विंचरतात.

पत्रकाखाली 'एक जागरूक नागरिक' असं छापलं होतं. ती मी.